गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी : जुन्या गाड्यांच्या निदानाचा मागोवा

उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसिडर आणि कुर्ल्याची फियाट, म्हणजेच नंतरची प्रीमियर पद्मिनी, या दोन गाड्यांनी 1950 च्या दशकापासून जवळजवळ तीस वर्षे भारतातले रस्ते व्यापले होते. दोन्हींचा गिअर लिव्हर स्टिअरिंगखाली असे आणि पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसे. त्यामुळे चालत्या गाडीत पहिला गिअर टाकताना होणारी खरखर हा बिघाड नव्हता; तिथे डबल क्लच मारावाच लागे. खरे दुखणे बहुधा लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या दांड्यांत असे. त्यांचे बुश झिजले की लिव्हर ढिला पडे, दोन गिअरच्या मध्ये अडके आणि बॉनेट उघडून दांडी हाताने सरकवावी लागे.

अ‍ॅम्बॅसिडरचा क्लच हायड्रॉलिक होता. पेडल दोन-तीनदा मारल्यावरच गिअर पडत असेल, तर तेलात हवा शिरलेली असे किंवा मास्टर अथवा स्लेव्ह सिलिंडरचे रबर गेलेले असे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते, त्यामुळे ते वर्षानुवर्षे न बदललेल्या गाडीत सिलिंडर आतून गंजत आणि तेल गळू लागे. ही गळती ओळखायला हत्यार लागत नाही, फक्त गाडीखाली वाकून पाहावे लागते. तरीही गिअर अडतो म्हणून थेट गिअरबॉक्स उतरवणे, हा मालकाचा पैसा वाया घालवणारा प्रकार ठरला.

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि दुखण्याची जागा बदलली. लिव्हर फ्लोअरवर गेला, हायड्रॉलिकऐवजी क्लच केबल आली. केबल आतून गंजली की पेडल जड होते. तारा तुटू लागल्या की क्लच पूर्ण सुटत नाही. उलट केबल फार ताणून बसवली, तर पेडलला प्ले उरत नाही आणि नवी प्लेटही घसरून जळते.

रचना बदलली तरी तपासण्याचा क्रम तोच राहिला. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहायचे. तेव्हा ते सहज पडतात, पण इंजिन चालू होताच अडतात, तर क्लच सुटत नाही. बंद इंजिनातही अडत असतील, तर लिंकेज किंवा गिअरबॉक्सकडे वळायचे. यात रिव्हर्स गिअर फार उपयोगी, कारण या गाड्यांत त्यालाही सिंक्रोमेश नाही. पेडल पूर्ण दाबून काही सेकंद थांबल्यावरही तो खरखरला, तर क्लच प्लेट अजून फिरते आहे. क्लच घसरणे मात्र घाटातच नीट कळते : वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडीचा वेग वाढत नाही. आवाजाचेही तसेच. पेडल दाबल्यावर सुरू होणारी घरघर रिलीज बेअरिंगची. न्यूट्रलमध्ये येणारा आणि पेडल दाबताच थांबणारा आवाज बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा. गाडी उचलताना थरथरत असेल, तर प्लेटवर तेल आले आहे का, आणि इंजिनाचे माउंटिंग बसले आहे का, हे पाहावे.

बाहेरचे सगळे तपासूनही गिअरबॉक्स उतरवावा लागलाच, तर प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचे मागचे ऑइल सील एकदमच पाहून घ्यावे. जुन्या प्लेटच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ हवेच्या नळीने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.