थोडी लेकरे, पुष्कळ आजीआजोबा

मोरजीच्या टेंबवाड्यावर हिवाळ्याच्या रात्री कासवीण रेतीत अंडी घालते आणि समुद्रात निघून जाते. पिलांचे तोंडही ती पाहत नाही. वनखात्याची माणसे अंडी राखतात, म्हणून बरे. माणसाच्या लेकराचे एवढ्यावर भागत नाही. पहिली सहा वर्षे त्याला कोणीतरी हाती धरून वाढवावे लागते.

गोव्यात पाळणे कमी हलू लागले आहेत. २०११ च्या जनगणनेत राज्यातील शंभरांपैकी अकरा माणसे साठीपुढची होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्रीमागे अपत्यांची सरासरी १.३ निघाली; पिढीची जागा पिढीने भरावयाची तर ती दोनहून किंचित अधिक हवी. त्यातून मुलगा तारवावर वा आखातात, सून हॉटेलात कामाला आणि घरी आजी व नातू, हे चित्र आता कोणास नवे नाही.

“मुलेच थोडी, मग बालवाडीवर खर्च कशाला?” असे काही शहाणे विचारतात. आमच्या मते हिशेब नेमका उलटा आहे. सहा भावांत एक मागे राहिला, तरी आईबापांचे म्हातारपण उरलेले पाच सावरीत. एकुलता मागे राहिला तर? दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून वृद्धांना दरमहा मिळणारे साह्यही अखेर कमावत्या हातांच्या करांतूनच येते.

१९०७ साली, तीन राजांच्या सणादिवशी, रोमच्या सान लोरेंझो वस्तीत मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेले की मुले जिने-भिंती खराब करीत. दुरुस्तीत वाचेल तो पैसा बालगृहास द्यावा, असा घरमालकांचा व्यवहारी विचार होता! पुढे १९६२ ते १९६७ या काळात अमेरिकेतील इप्सिलांटी गावी गरीब घरांतील १२३ मुलांवर प्रयोग झाला. बालशाळेत गेलेली आणि न गेलेली अशा दोन्ही गटांचा चाळिशीपर्यंत मागोवा घेतला, तेव्हा गेलेल्यांची मिळकत अधिक आणि तुरुंगवारी कमी आढळली.

आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डीस व नंतर कोसबाडला मुलांच्या अंगणातच शाळा नेली. अंगणवाडी हे नाव तिथले. १९७५ साली सरकारी योजना आली, आणि नाव देशभर पसरले. आज मात्र ‘खाऊची शाळा’ म्हणून आपणच तिला हिणवतो, आणि तीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल कोंबणाऱ्या नर्सरीस फी मोजतो. त्या वयास हवे ते खेळणे, गाणे, घरच्या भाषेत पुष्कळ बोलणे. ते आजीजवळ भरपूर आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. वाड्यावरील आजीआजोबांनी, विशेषतः निवृत्त शिक्षकांनी, सेविकेला विचारून आठवड्याची एक सकाळ अंगणवाडीस द्यावी. गोष्ट सांगावी, शंखशिंपले मोजावयास बसवावे. आहार, वजने, लसीकरणाचे निरोप आणि नोंदवह्या यांत सेविकेचा बहुतेक वेळ जातो. तिला तेवढीच उसंत मिळेल.