पोटातल्या बाळाची मिशरी

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावातला मेफेड्रोनचा कारखाना उघडकीस आणला आणि ‘एमडी’ हे नाव नाशिकच्या घराघरांत पोहोचले. ती धास्ती रास्तच आहे. हे द्रव्य मेंदूतल्या डोपामिनच्या साठ्यालाच हात घालते. पण आईच्या रक्तातून गर्भाच्या मेंदूपर्यंत काय पोहोचते, असा प्रश्न असेल, तर कोणत्याही पंचनाम्यात न येणारी एक पूड आधी तपासायला हवी. तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू, म्हणजे मिशरी. नाशिकच्या खेड्यापाड्यांत काय नि उरलेल्या महाराष्ट्रात काय, ती लावणाऱ्या कितीतरी बायकांच्या लेखी ते व्यसन नाही, दात घासणे आहे. हिरड्यांना हा भेद कळत नाही. निकोटिन तिथून रक्तात उतरते, वार ओलांडते आणि गर्भाच्या रक्तात आईच्या इतकेच, किंबहुना किंचित जास्त भरते.

तिथे ते नेमके काय करते? ॲसिटिलकोलिन हे चेतापेशींमधले एक निरोप्या रसायन. त्याचे निरोप घेणारी ग्राहके गर्भाच्या मेंदूत पहिल्या तिमाहीतच उगवतात, कारण पेशींनी विभाजन कधी थांबवायचे, तंतू कोणत्या दिशेने वाढवायचे, हे त्या काळात काही अंशी याच रसायनावर ठरते. निकोटिन याच ग्राहकांना चिकटते. ॲसिटिलकोलिनचा निरोप पोहोचला की एक विकर ते लगेच मोडून टाकते. निकोटिन त्या विकराला दाद देत नाही. मध्यमेंदूतल्या डोपामिन पेशींवर ही ग्राहके दाटीने असतात. त्यामुळे उत्साह, लक्ष आणि सवय यांचे जाळे ज्या पेशींतून विणले जायचे, त्यांना अवेळी आणि लांबलेला इशारा मिळत राहतो. प्रौढ मेंदूत निकोटिन चालू यंत्रणेला धक्का देते, गर्भात ते यंत्रणेच्या बांधणीतच लुडबुड करते.

याचा सगळ्यात नेटका पुरावा उंदरांत मिळाला आहे. प्रदीप भिडे आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये गाभण माद्यांना पिण्याच्या पाण्यातून निकोटिन दिले. पिल्ले अतिचंचल निघाली, त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात डोपामिनची उलाढाल मंदावलेली होती, आणि अतिचंचल मुलांना दिले जाणारे मिथाइलफेनिडेट दिल्यावर ती शांत झाली. डोपामिन सुधारले की वागणे सुधारते, म्हणजे दोन्हींचा संबंध निव्वळ योगायोगाचा नसावा. याच गटाने २०१८ मध्ये नर उंदरांना निकोटिन दिले, तेव्हा त्यांच्या संततीतही दोष दिसले आणि नरांच्या शुक्राणूंत डोपामिनच्या एका ग्राहकाच्या जनुकावर रासायनिक खुणा बदललेल्या आढळल्या. सुनेची मिशरी काढणाऱ्या घराने मुलाच्या खिशातली तंबाखूची पुडीही काढावी, असे मला त्यावरून वाटते.

यावर आक्षेप आहे, आणि तो दमदार आहे. माणसांत गरोदरपणातले धूम्रपान आणि मुलाची अतिचंचलता यांचे नाते अनेक अभ्यासांत दिसते. पण स्वीडनमध्ये २०१४ साली भावंडांची तुलना केली, एकाच्या वेळी आई सिगारेट ओढत होती आणि दुसऱ्याच्या वेळी नव्हती, तेव्हा हे नाते जवळपास पुसले गेले. अनिता थापर यांच्या गटाने २००९ मध्ये कृत्रिम गर्भधारणेतून जन्मलेली मुले तपासली, त्यांतली काही दान केलेल्या बीजांडातून वा भ्रूणातून जन्मलेली होती. गर्भ वाढवणाऱ्या आईशी ज्यांचे रक्ताचे नाते नव्हते, त्यांच्यात अतिचंचलतेशी संबंध क्षीण होता. म्हणजे बराच वाटा आनुवंशिकतेचा. हे मान्य करूनही दोन गोष्टी उरतात. अतिचंचलतेचे निदान हे जाड मोजमाप आहे. त्या रेषेच्या अलीकडचे बदल त्यात सापडत नाहीत. दुसरे, हे अभ्यास सिगारेटचे आहेत. मिशरीत धूर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही. तिचा मामला बराचसा निकोटिनचाच, म्हणजे उंदरांच्या प्रयोगाच्या अधिक जवळचा. मात्र १९८०च्या दशकात अमेरिकेने कोकेन घेणाऱ्या आयांच्या मुलांना जन्मतःच वाया गेलेली ठरवले होते, आणि फिलाडेल्फियात हॅलम हर्ट यांनी ती मुले वर्षानुवर्षे तपासली तेव्हा गरिबीचा मार कोकेनपेक्षा मोठा निघाला. मिशरीबद्दल बोलताना ही चूक पुन्हा करायची नसेल, तर मुलांवर शिक्का मारणे टाळलेच पाहिजे.

पण आईने मिशरी थांबवावी, हे सांगायला डोपामिनचा निकाल लागेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या सुब्रमणी यांनी मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतल्या १७ टक्के धूरविरहित तंबाखू वापरत होत्या, बहुतेक मिशरीच. त्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आणि प्रसूती सरासरी ६ दिवस आधी. थापर यांच्या गटाच्या अभ्यासातही धूम्रपान आणि जन्मवजन यांचे नाते रक्ताचे नाते नसलेल्या मुलांत टिकून होते, तेव्हा वजनाचे खापर जनुकांवर फोडता येत नाही. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून देशात बंदी आहे. घरच्या तव्यावर मात्र ती पोहोचत नाही. पहिल्या तपासणीत ‘काही व्यसन आहे का’ असे विचारले तर मिशरी लावणारी बाई प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल. ‘मिशरी लावता का, दिवसातून किती वेळा’ असे नाव घेऊनच विचारावे लागते. सोडल्यावर डोके धरते, पोट साफ होत नाही, ही तिची तक्रार खरी असते. ती निकोटिन तुटल्याची लक्षणे आहेत आणि बहुतेकींत काही आठवड्यांत ओसरतात, एवढे तिला त्याच भेटीत सांगायला हवे.