शिंगाडा हा सुका मेवा नव्हे

लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीचा परिसर तलावांचा. थंडीची चाहूल लागली की इकडच्या बाजारांत उकडलेले, काळ्या सालीचे शिंगाडे दिसू लागतात. पावसाळ्यात बोडीत-तलावात वेल लावायचा आणि पुढे गार पाण्यात उतरून, काटे सांभाळत एकेक फळ खुडायचं, ही ढिवर बांधवांची मेहनत. एवढ्या कष्टाच्या पिकाबद्दल मात्र चुकीच्या समजुती फार आहेत.

सगळ्यात मोठी समजूत म्हणजे शिंगाडा हा बदाम-काजूच्या पंगतीतला. उपासाला चालतो, वाळवून टिकतो, म्हणून तो मेवा वाटतो. पण बदाम-काजूची ओळख त्यांतल्या तेलात आहे. १०० ग्रॅम बदामात साधारण ५० ग्रॅम स्निग्धांश आणि २१ ग्रॅम प्रथिनं असतात. ओल्या शिंगाड्यात स्निग्धांश अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. ७० टक्के पाणी, सुमारे २३ ग्रॅम पिष्टमय पदार्थ आणि ११५ कॅलरी. म्हणजे तो बटाट्याच्या, भाताच्या जवळचा. उलट शेंगदाणा वनस्पतिशास्त्राप्रमाणे कडधान्यांच्या कुळातला, पण तेल आणि प्रथिनं पाहिली तर थेट बदामाशेजारी बसतो. तोही कितीतरी स्वस्तात!

वाळवल्यावर शिंगाड्यातली प्रथिनं वाढतात, असंही ऐकू येतं. पोषणमूल्यांच्या तक्त्यात ओल्या शिंगाड्यापुढे ४.७ ग्रॅम आणि वाळलेल्यापुढे १३.४ ग्रॅम असे आकडे असतात खरे, पण वाढत काहीच नाही. पाणी ७० टक्क्यांवरून १४ वर येतं आणि उरलेलं सगळं दाटतं. कॅलरीही तशाच दाटतात, ३३० पर्यंत. म्हणून ‘उपासाचं पीठ हलकं’ म्हणत तुपात परतलेला शिरा मधुमेही माणसाला बिनधास्त वाढू नये. त्याच पिठाच्या थालीपिठात शेंगदाण्याचं कूट घालतात ती रीत मात्र उत्तम, कारण शिंगाड्यात जे कमी, ते दाण्यात भरपूर.

शहरातल्या दुकानांत ‘वॉटर चेस्टनट’ नावाचा डबा मिळतो. तो आपला शिंगाडा नाही. ते चीनकडच्या, लव्हाळ्याच्या कुळातल्या एका गवताचे कंद. डब्यातल्या या कंदांत १०० ग्रॅमला जेमतेम ५० कॅलरी आणि एक ग्रॅमहून कमी प्रथिनं असतात. ताज्या कंदातलं पोटॅशियम ५८४ मिलिग्रॅमच्या आसपास, डब्यातलं ११८. उरलेलं बरंचसं डब्याच्या पाण्यात उतरतं.

यावरून ‘डब्यातली भाजी म्हणजे निव्वळ चोथा’ असं म्हणणंही चूक. डबा हवाबंद करून उष्णतेनं निर्जंतुक केलेला असतो. टिकण्यासाठी रसायन घालावंच लागतं असं नाही. क आणि काही ब जीवनसत्त्वं घटतात, तंतू मात्र बहुतांशी राहतात. मटारासारख्या भाज्यांच्या डब्यात मीठ जास्त असू शकतं. डब्यातलं पाणी ओतून टाकून भाजी धुतली की ते काही प्रमाणात कमी होतं.

आणखी एक. शंभर-शंभर ग्रॅमची तुलना ताटात खरी उतरत नाही. बदाम आपण मूठभर खातो. ३० ग्रॅमला सुमारे १७५ कॅलरी. शिंगाडे गप्पा मारता मारता पाव किलो सहज संपतात, आणि तेवढ्या गरात त्याहून जास्त कॅलरी असतात.

तलावातून काढलेला कच्चा शिंगाडा दातांनी सोलून खाणं मात्र टाळावं. उत्तर प्रदेश, बिहारकडे अशा पाणवनस्पतींना चिकटलेल्या सूक्ष्म कोशांमधून आतड्यातल्या चपट्या कृमीची लागण झालेली आहे. आपल्याकडची चांगली उकडून खायची पद्धत म्हणूनच मोलाची.