प्लंजर : एका रबरी वाटीची ताकद आणि तिची मर्यादा

सुरत शहराच्या पूर्व भागात पर्वत पाटिया नावाची दाट वस्ती आहे. हमरस्त्यावर ज्या ठिकाणी गावाच्या नावाची पाटी असते आणि जेथून गावाकडे वाट फुटते, त्या फाट्याला गुजरातीत ‘पाटिया’ म्हणतात. पर्वत या जुन्या गावाचा फाटा तो पर्वत पाटिया. आता ते गाव शहरात सामावले आहे. आसपास कापडाच्या बाजारपेठा आहेत आणि लगतच्या लिंबायत, डिंडोली, उधना या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. पावसाळ्यात हा परिसर एका वेगळ्याच कारणाने बातम्यांत येतो. शहरातून वाहणाऱ्या नैसर्गिक नाल्यांना सुरतेत ‘खाडी’ म्हणतात. या खाड्या भरल्या की सखल भागात पाणी साचते. जुलै २०२४ मध्ये आणि पुन्हा जून २०२५ मध्ये पर्वत पाटिया आणि लिंबायत परिसराने हा अनुभव घेतला.

पाणी साचते तेव्हा घरातील सांडपाणीही बाहेर जाण्याचे थांबते. न्हाणीतील पाणी ओसरत नाही, शौचकूप तुंबतो आणि घरातील कुणीतरी कोपऱ्यात ठेवलेले प्लंजर बाहेर काढतो. लाकडी किंवा प्लॅस्टिकची दांडी आणि तिच्या टोकाला रबराची उलटी वाटी, एवढेच हे साधन. मराठीत त्याला रूढ नाव मिळालेले नाही. दुकानात ते प्लंजर किंवा ‘टॉयलेट पंप’ या नावाने मागितले जाते. हे साधन नेमके काय करते आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे काय करू शकत नाही, हे समजून घेतले तर पैसा आणि श्रम वाचतातच. प्रसंगी एखाद्याचा जीवही वाचू शकतो.

पाण्याचा सापळा

तुंबण्याचे मूळ ज्या रचनेत आहे, ती रचना मुळात आपल्या सोयीसाठीच केलेली आहे. लंडनमध्ये व्यवसाय करणारे स्कॉटिश घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये शौचकूपाचे पेटंट घेतले. त्यात भांड्याखालची नळी इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी वळवलेली होती. त्या वळणात नेहमी थोडे पाणी साचून राहते आणि ते पाणी गटारातील दुर्गंधीला घरात येऊ देत नाही. आजही बेसिन, कमोड, भारतीय पद्धतीचा शौचकूप आणि न्हाणीतील जाळी या सर्वांखाली असे वळण असते. त्याला ‘ट्रॅप’ म्हणतात. न्हाणीच्या जमिनीत बसवतात त्या ट्रॅपला देशभरातील अभियंते ‘न्हाणी ट्रॅप’ म्हणतात. आपल्या घरातील शब्द असा इंग्रजी पाठ्यपुस्तकांतही जाऊन बसला आहे.

या वळणात साधारण ५० मिलिमीटर खोलीचे पाणी साचलेले असते. दुर्गंधी अडवणारे हेच वळण केस, साबणाचा चोथा, भाताची शिते आणि गोठलेले तेलही अडवते. घरातील बहुतेक तुंबणे येथेच होते. प्लंजर जन्मले ते याच वळणासाठी. चार्ल्स गुडइयर यांनी १८४४ मध्ये टिकाऊ रबराच्या प्रक्रियेचे पेटंट घेतले आणि लवचीक तरीही मजबूत वाटी करणे शक्य झाले. पुढे १८७० च्या दशकात अमेरिकेत जॉन हॉली यांनी बेसिनचे तोंड मोकळे करणाऱ्या रबरी वाटीचे पेटंट घेतले. त्यानंतर या साधनाच्या मूळ कल्पनेत फारसा फरक पडलेला नाही.

ढकलणे आणि ओढणे

प्लंजर जोर लावून अडथळा पुढे ढकलते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. वाटीखाली पाणी असेल तर दांडीवर दिलेला जोर त्या पाण्यातून जवळपास जसाच्या तसा अडथळ्यापर्यंत पोहोचतो. समजा, वाटीचा व्यास १२ सेंटिमीटर आहे. तिचे क्षेत्रफळ सुमारे ११३ चौरस सेंटिमीटर भरते. त्यावर १० किलोचा जोर दिला तर नळीत सुमारे ९० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याएवढा जादा दाब निर्माण होतो. साध्या तुंबण्याला एवढा दाब अनेकदा पुरतो.

खरी कामगिरी दांडी वर ओढताना होते. वाटी वर येताना तिच्याखालचा दाब कमी होतो. अडथळ्याच्या पलीकडे मात्र वातावरणाचा दाब कायम असतो आणि तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो इतका असतो. पलीकडचा जास्त दाब अडथळ्याला आपल्या दिशेने सरकवतो. एकदा पुढे, एकदा मागे असे हेलकावे बसले की घट्ट झालेला गोळा सैल होतो, फुटतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. म्हणूनच एकच जोरदार दणका देण्यापेक्षा लयीत दिलेले पंधरा-वीस हेलकावे अधिक उपयोगी पडतात. नुसता दणका अडथळ्याला आणखी आत नेऊन घट्ट बसवू शकतो, शिवाय घाण पाणी अंगावर उडते ते वेगळेच.

यावरून वापराचे नियम आपोआप निघतात. वाटी बुडेल एवढे पाणी असले पाहिजे, कारण वाटीत हवा राहिली तर जोर ती हवा दाबण्यातच खर्च होतो. वाटी तिरकी धरून पाण्यात उतरवली की आतली हवा निघून जाते. वाटीची कड सर्व बाजूंनी टेकली पाहिजे. बेसिनला वरच्या बाजूला जादा पाणी जाण्यासाठी छोटे छिद्र असते. ते ओल्या फडक्याने बंद करावे, नाही तर सगळा दाब तेथून निसटतो. स्वयंपाकघरात जोडसिंक असेल तर दुसऱ्या सिंकचे तोंडही असेच बंद करावे. सपाट कडेची वाटी बेसिन, सिंक आणि न्हाणीसाठी योग्य असते. कमोडच्या खोलगट तोंडात ती नीट बसत नाही. त्यासाठी आतून आणखी एक रबरी गळा बाहेर येणारी वाटी मिळते. शौचकूपाचे प्लंजर स्वयंपाकघरात वापरू नये, हे सांगण्याची गरज पडू नये.

ॲसिडची बाटली

आपल्याकडे प्लंजरच्या आधी हात जातो तो ॲसिडच्या बाटलीकडे. ही सवय घातक आहे. ॲसिड केसांच्या आणि प्लॅस्टिकच्या गुंत्याला फारसे काही करत नाही, पण धातूचे भाग आणि सांधे मात्र खराब करते. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचयुक्त द्रावण एकत्र आले तर क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो फुप्फुसांवर आघात करतो. रसायन ओतून झाल्यावर प्लंजर वापरणे तर आणखी धोक्याचे, कारण प्रत्येक हेलकाव्याबरोबर ते रसायन डोळ्यांत आणि चेहऱ्यावर उडू शकते. म्हणून आधी प्लंजर आणि गरम पाणी वापरावे. त्याने भागले नाही तर ट्रॅप उघडून साफ करावा किंवा कारागिराला बोलवावे. आधी काही रसायन ओतले असेल तर ते कारागिराला न विसरता सांगावे.

मोबाइलमधील प्लंजर

घरातील कोपऱ्यात लपवून ठेवण्याची ही वस्तू २०२० मध्ये जगभरातील मोबाइलवर दिसू लागली. जगातील लिपींतील अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणारी युनिकोड ही व्यवस्था इमोजींनाही तसेच क्रमांक देते. मार्च २०२० मध्ये आलेल्या तिच्या १३.० या आवृत्तीत प्लंजरला १एफएए० हा क्रमांक मिळाला. त्याच तुकडीत बादली, दात घासण्याचा ब्रश, उंदराचा सापळा, शिडी आणि स्क्रू-ड्रायव्हरही आले. इमोजींच्या ठरलेल्या क्रमात प्लंजरची जागा कमोड आणि शॉवर यांच्या मध्ये आहे. बहुतेक मोबाइलवर त्याचे चित्र लाकडी दांडी आणि लाल वाटी असे दिसते.

‘इमोजी’ हा जपानी शब्द ‘चित्र’ आणि ‘अक्षर’ या अर्थाच्या शब्दांपासून बनला आहे. साडी, रिक्षा आणि पणती या आपल्या वस्तूंना त्यात २०१९ मध्ये स्थान मिळाले. भारतीय पद्धतीच्या शौचकूपाला मात्र अजून चित्र नाही. शौचालयाचे म्हणून जे चित्र आहे ते कमोडचेच. थट्टेत प्लंजरचे चिन्ह वापरले जातेच, पण सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात ते कामाचेही ठरते. कसली अडचण आहे, हे चारचौघांत शब्दांत लिहिण्याचा संकोच ते दूर करते. फाट्यावरची पाटी जशी गावाची दिशा दाखवते, तसे हे चिन्ह काहीतरी तुंबले आहे एवढे दाखवते. पण नेमके कोठे तुंबले आहे, हे ते सांगत नाही आणि सगळा निर्णय त्यावरच अवलंबून असतो.

तुंबले कोठे?

हे ओळखण्याची रीत सोपी आहे. एकच बेसिन किंवा एकच न्हाणी तुंबली असेल आणि घरातील बाकीचे पाणी नीट जात असेल, तर अडथळा त्या एका ट्रॅपमध्ये किंवा त्याच्या जवळ आहे. हे प्लंजरचे काम. कमोडचे पाणी सोडले की न्हाणीच्या जाळीतून पाणी वर येते, किंवा घरातील सर्वच निचरा एकदम मंदावतो, तेव्हा अडथळा बाहेरच्या सामाईक नळीत आहे असे समजावे. तेथे प्लंजर पोहोचत नाही. तळमजल्यावरच्या घरात वरच्या मजल्याचे सांडपाणी उसळत असेल तर ती समस्या एका घराची नसून संपूर्ण इमारतीची असते.

तिसरा प्रकार पर्वत पाटियासारख्या सखल वस्तीतला. तेथे नळीत अडथळाच नसतो. बाहेरील नाल्याच्या पाण्याची पातळी घरातील जाळीपेक्षा वर गेली की पाणी उलटे घरात शिरते, कारण पाणी आपली पातळी शोधते. अशा वेळी प्लंजर मारणे म्हणजे भरतीच्या पाण्याला हाताने मागे सारणे. तेथे उपाय वेगळे असतात : नळीला एकाच दिशेने उघडणारी झडप बसवणे, जोत्याची उंची वाढवणे आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे नाल्यांची रुंदी व वाट मोकळी ठेवणे. सुरतेने सप्टेंबर १९९४ मधील प्लेगच्या साथीनंतर स्वच्छतेची घडी नव्याने बसवली आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरसह पहिला क्रमांक मिळवला. अशा शहरालाही खाडीच्या पुराने अजून सोडलेले नाही. कचरा उचलणे आणि पाण्याला वाट देणे ही दोन वेगळी कामे आहेत, हाच याचा अर्थ.

गोव्यातील वाचकाला हे दूरचे वाटू नये. पणजी, मडगाव, वास्को यांसारख्या शहरांच्या काही भागांत मलनिस्सारण वाहिन्या आहेत. इतरत्र बहुतेक घरे सेप्टिक टाकी आणि सोकपिटावर अवलंबून आहेत. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात पावसाळ्यात जमिनीतील पाणी वर येते, सोकपिटातील पाणी मुरत नाही आणि घरातील निचरा मंदावतो. जुलैमध्ये शौचकूप हळू रिकामा होतो आणि डिसेंबरमध्ये तो नीट चालतो, असे असेल तर दोष ट्रॅपचा नाही, सोकपिटाच्या जागेचा किंवा आकाराचा आहे. टाकी अनेक वर्षांत उपसली नसेल तर तेही कारण असू शकते.

जेथे वाटी थांबते

प्लंजर जेथे थांबते, तेथून पुढचा प्रश्न कुणाला आत उतरवायचे हा होऊ नये. आपल्याकडे मात्र तो अनेकदा तसाच होतो. ‘एखादा माणूस बोलवा, दोन-तीनशे रुपये द्या’ असे सहज म्हटले जाते. टाकीत आणि गटारात हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठलेले असतात. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की तो प्रथम नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. त्यामुळे धोका टळला असे वाटते, तेव्हाच तो सर्वाधिक असतो. आत बेशुद्ध पडलेल्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही जातो, अशा घटना देशात पुनःपुन्हा घडल्या आहेत.

हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ मध्ये झाला. संरक्षक साधने आणि खबरदारी न घेता गटार किंवा सेप्टिक टाकी साफ करण्यास माणसाला लावणे हा त्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ही बंदी नगरपालिका आणि कंत्राटदार यांच्यापुरती नाही. ती कोणत्याही व्यक्तीला लागू आहे, म्हणजे घरमालकाला आणि सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख केली. रक्कम वाढली, तरी गेलेला माणूस परत येत नाही. टाकी उपसण्यासाठी यंत्र बसवलेला टँकरच बोलवावा आणि माणूस आत उतरणार नाही, हे कामाच्या आधी ठरवून घ्यावे.

पिढ्यान्‌पिढ्या आपण घरातील घाण स्वतःच्या हातून दूर ठेवली आणि ती उचलण्याचे काम काही जातींच्या माथी मारले. आपल्या घरातील ट्रॅप आपणच साफ करणे हा त्या ओझ्याचा लहानसा का होईना, पण आपला वाटा उचलणे आहे. तेल आणि भाताची शिते सिंकमध्ये न सोडणे, जाळीवरचे केस रोज काढणे, सॅनिटरी पॅड आणि ओले कागदी रुमाल शौचकूपात न टाकणे हा त्या वाट्याचा पहिला भाग. तुंबलेच तर आधी वाटी लावून पाहणे हा दुसरा. आणि वाटीने काम होत नाही असे दिसले, तर माणसाऐवजी यंत्र मागवणे हा तिसरा.