बीके की एके?

सकाळी ८.३०
वर्कशॉप उघडलं की आधी ओव्हन लावायचा. मग दिवसभराच्या फाइली चाळायच्या. आमचं कृत्रिम अवयवांचं केंद्र पुण्याजवळ. एका बाजूला चाकण-भोसरीची प्रेस शॉप, दुसरीकडे उसाचा पट्टा, मधून हायवे. इथले अपघात बहुतेक या तिन्हींकडूनच येतात. रस्त्यावर पाय जातो, मशीनवर हात. पायाच्या प्रत्येक फाइलीत मी आधी एकच गोष्ट बघते: बीके की एके? म्हणजे पाय गुडघ्याखाली कापलाय की वर. स्वतःचा गुडघा शाबूत असेल तर चालताना दम कमी लागतो, जिना चढता येतो. महागातला महाग कृत्रिम गुडघाही त्याची बरोबरी करत नाही.

९.३०
दुधाच्या फेरीवर असताना ट्रकखाली सापडलेला पोरगा, बीके. हाड जोडता आलं असतं. पण रक्तवाहिनी तुटली होती आणि जखमेत माती गेली होती. आईचा पहिला प्रश्न, "ताई, कधी चालंल?"
मी चादर बाजूला केली. गुडघा वाकलेला, सरळच होईना. दुखू नये म्हणून माउलीने दोन महिने खाली उशी ठेवली होती. गुडघा असा आखडला की वाचूनही वाया जातो. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची यादी भली लांब असते, पण उशी ठेवू नका ही एक ओळ कुणी लिहीत नाही. याचा मला अजूनही राग येतो.
आज माप घेतलंच नाही. क्रेप बँडेज आठच्या आकड्यासारखं कसं गुंडाळायचं ते दाखवलं: टोकाशी घट्ट, वर येईल तसं सैल. रोज पालथं झोपायला सांगून फिजिओथेरपीला पाठवलं. आई नाराज झाली. होऊ दे.

११.००
खरं काम आता. स्टंपच्या, म्हणजे कापल्यावर उरलेल्या पायाच्या, साच्यातून काढलेला प्लास्टरचा ठोकळा कानशीने घासायचा. गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर भार चालतो, म्हणून तिथे खोल करायचं. नडगीचं टोक आणि बाहेरच्या हाडाचा उंचवटा भार सोसत नाहीत, तिथे प्लास्टर चढवायचं. दोन-तीन मिलिमीटर चुकले की कातडी सोलवटते आणि पाय खुंटीला टांगला जातो. पॉलिप्रॉपिलीनची शीट ओव्हनमध्ये पारदर्शक झाली की दोघांनी उचलून ठोकळ्यावर टाकायची आणि व्हॅक्यूम लावायचा. थंड झाली की सॉकेट, म्हणजे स्टंप बसवायची खोबण, तयार. पहिल्या वर्षात स्टंप आटत जातो, त्यामुळे तेवढ्यात सॉकेट बदलावा लागणार हे पेशंटला आधीच सांगते. नाहीतर त्याला वाटतं, फसवलं.

१.१५
डब्याच्या वेळी पॉवर प्रेसवाला कामगार आला. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस पडत नाही. माल भराभर निघावा म्हणून ठेकेदाराने एक बटण कायमचं दाबून बांधलं होतं. उजवा पंजा गेला. भरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात पंजा म्हणजे कमाईच्या क्षमतेचं ६० टक्के नुकसान, नुसता अंगठा ३० टक्के. त्याला दिसायला बरा हात हवाय, गावी लग्न आहे. देऊ. पण असे पुष्कळ हात पुढे कपाटात पडून राहतात, कारण त्यांना स्पर्श कळत नाही.

३.००
पॅरलल बारमध्ये एक शेतकरी मामा, एके, पायात जयपूर फूट. रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास घडवलेलं हे पाऊल बुटाशिवाय चालतं आणि चिखलाला घाबरत नाही. मामांची तक्रार वेगळीच. "रात्री अंगठा ठणकतो. नसलेला." घरच्यांना वाटतं, डोक्यावर परिणाम झाला. तसं काही नाही. मेंदूतल्या नकाशात तो पाय अजून आहे. व्ही. एस. रामचंद्रन यांनी सुचवलेला आरशाचा व्यायाम काहींना लागू पडतो. धडधाकट पायाचं प्रतिबिंब बघत दोन्ही पाय हलवायचे. मामा आरशाकडे संशयाने बघत होते, पण बसले.

५.४५
कुलूप लावताना फोन. जुन्या पेशंटच्या पुतण्याची दोन बोटं कडबाकुट्टीत तुटली होती, आणि ती कुणीतरी थेट बर्फात टाकली होती. आधी बाहेर काढायला लावली. जखमेवर स्वच्छ कापड दाबून हात वर धरा. बोटं स्वच्छ पाण्याने हलकेच धुवा, ओल्या पिळलेल्या कापडात गुंडाळा, पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बर्फ बोटाला लागता कामा नये. हळद नको, दूध नको. मग मायक्रोसर्जरी करणारा प्लास्टिक सर्जन जिथे असेल तिथेच थेट जा. बोटं नीट थंड ठेवली तर काही तास तग धरतात. हात किंवा पाय वरून तुटला असेल तर त्यात स्नायू असतात, तिथे वेळ याहून कमी मिळतो.
तुमच्या गोठ्यात कडबाकुट्टी असेल तर वैरण हाताने रेटू नका, आणि अडकली तर हात घालण्याआधी मोटर बंद करा.