शेंगांची जत्रा, हॉस्टेलची दिवाळी

बंगळुरूत शिकणाऱ्या मराठी मुलांच्या वाट्याला दिवाळीची लांबलचक सुट्टी येत नाही. पण कार्तिक सरता सरता या शहरात एक जत्रा भरते आणि घरापासून दूर राहिलेल्या मुलांना ती बरंच काही शिकवून जाते...

गणपती गावाला गेले की आपल्याकडच्या कॉलेजकुमारांच्या डोक्यात एकच हिशेब सुरू होतो. परीक्षा कधी संपते आणि दिवाळीची सुट्टी कधी लागते? पहाटेचं उटणं, आईच्या हातची चकली, मित्रांबरोबर एखादा गड आणि भाऊबीजेला ताईकडे मुक्काम. हा सगळा बेत महिनाभर आधीच ठरलेला असतो.

पण मुलगा किंवा मुलगी इंजिनीयरिंगसाठी, डिझाइनसाठी किंवा कायद्याच्या पदवीसाठी बंगळुरूला गेली असेल तर? मग कॅलेंडरच बदलतं! कर्नाटकात शाळांना मोठी सुट्टी मिळते ती दसऱ्याची. दिवाळीच्या सरकारी सुट्ट्या मुख्यतः दोन, नरकचतुर्दशी आणि बलिप्रतिपदा. भाऊबीजेच्या दिवशी बऱ्याच ठिकाणी वर्ग नेहमीप्रमाणे भरतात. पुणं तिथून सुमारे साडेआठशे किलोमीटर, कोल्हापूर सहाशेच्या वर, तर मुंबई जवळजवळ हजार. उद्यान एक्स्प्रेसने मुंबई गाठायची तर एक दिवस गाडीतच जातो. दोन दिवसांच्या सुट्टीत दोन दिवसांचा प्रवास करायचा कसा? त्यातून रेल्वेचं आरक्षण आता साठच दिवस आधी उघडतं. २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत ही मुदत एकशेवीस दिवसांची होती. गाडी हुकली की खाजगी बसचे दिवाळीतले दर ऐकून बाबांचा आवाजच बसतो.

मग फोनवर ठरतं, 'यंदा राहू दे बाळा, पुढच्या महिन्यात ये.' फोन ठेवल्यावर आई स्वयंपाकघरात जाते आणि मुलगी हॉस्टेलच्या गच्चीवर. दोघींनाही एकमेकींना रडताना दाखवायचं नसतं.

रिकाम्या दिवसांचं शहर

खरं तर सुट्टी घालवायला बंगळुरूसारखं गाव नाही. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच असल्यामुळे इथे ऑक्टोबर हीट नावाचा प्रकार फारसा जाणवत नाही. उलट ऑक्टोबरात पाऊसच पुन्हा डोकावतो. नोव्हेंबर उजाडला की हवा कोरडी, गार होते आणि रस्त्याकडेचे टॅबेबुयाचे वृक्ष गुलाबी फुलांनी लगडतात. हैदरअलीने १७६० साली सुरू केलेली लालबाग आहे, कब्बन पार्क आहे, पहाटे उठायची तयारी असेल तर साठेक किलोमीटरवर नंदी हिल्स आहेत. गांधी बझारमधल्या 'विद्यार्थी भवन'चा डोसा तर नावाप्रमाणेच विद्यार्थ्यांसाठी १९४३ साली सुरू झालेला! नाटकाचं वेड असेल तर जे. पी. नगरमधलं 'रंगशंकरा' थिएटर आहे. शंकर नाग यांच्या आठवणीत ते उभं राहिलं आणि २००४ साली त्याचा पडदा उघडला. हे शंकर नाग कन्नड सिनेमात जाण्यापूर्वी मुंबईच्या मराठी रंगभूमीवर वावरलेले, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगण्यासारखं आहे.

मराठी माणसाला हे शहर तसं परकंही नाही. १६३८ नंतर शहाजीराजांची जहागीर इथेच होती. आजही गांधीनगरात महाराष्ट्र मंडळ आहे.

तरीही सणाच्या दिवशी डोसा खाऊन आणि बागेत फिरून मन भरत नाही. हॉस्टेलचे निम्मे दिवे विझलेले, मेसमध्ये चारच ताटं आणि बाहेर दुसऱ्यांच्या घरचे फटाके. अशा संध्याकाळी मुलांना पहिल्यांदा कळतं की सण म्हणजे सुट्टी नव्हे. मग सण म्हणजे नेमकं काय? याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. बसवनगुडीपर्यंत गेलं की पुरे.

बैलाने खाल्लेलं पीक

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीतल्या बुल टेंपल रोडवर 'कडलेकाय परिषे' भरते. कन्नडमध्ये कडलेकाय म्हणजे भुईमुगाची शेंग आणि परिषे म्हणजे जत्रा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेंगांचे ढीगच ढीग! कच्च्या, भाजलेल्या, मिठाच्या पाण्यात उकडलेल्या, लहान, टपोऱ्या, दोन दाण्यांच्या, तीन दाण्यांच्या. मागडी, रामनगर, चिंतामणी, कोलार या भागांतून आणि शेजारच्या तमिळनाडू-आंध्रातूनही शेतकरी आणि विक्रेते येतात. मापाने शेंगा मोजून देतात.

या जत्रेची गोष्ट मोठी गोड आहे. आज जिथे बसवनगुडी आहे तिथे पूर्वी शेतं होती. सुंकेनहळ्ळी, गुट्टहळ्ळी, मावळ्ळी, दासरहळ्ळी या गावांचे शेतकरी भुईमूग पिकवायचे. पण पीक हाताशी आलं की रात्री एक बैल येऊन ते फस्त करायचा. शेतकरी टपून बसले, बैलामागे धावले, तर बैल टेकडीवर जाऊन दगडाचा होऊन बसला! हा तर शिवाचा नंदी, हे ओळखून शेतकऱ्यांनी हात जोडले आणि नवस बोलले, 'दरवर्षी पहिलं पीक तुला.' तेव्हापासून पहिल्या शेंगा बसवण्णाच्या पायाशी, असं लोक सांगतात.

देवळातला एका अखंड दगडात कोरलेला नंदी चांगला पंधरा फूट उंच आहे. देऊळ सोळाव्या शतकातलं, बंगळुरू वसवणाऱ्या केंपेगौडांच्या काळातलं मानतात. गंमत अशी, की ज्या शेतांसाठी हा नवस बोलला गेला ती शेतं आता राहिलीच नाहीत. त्या गावांची नावं शहरातल्या वस्त्यांना उरली. भुईमुगाच्या जागी बंगले आले, मग अपार्टमेंट आले. तरी जत्रा चालूच आहे. शेत गेलं, पण शेताचे आभार मानायची सवय गेली नाही!

परिषेच्या गर्दीत आसपासच्या कॉलेजांची मुलं-मुली झुंडीने असतात. कागदाच्या पुडीत गरम शेंगा घ्यायच्या, टरफलं उडवत देवळापर्यंत चालायचं आणि पाळण्यात बसून यायचं. तिकीट नाही, खास कपडे नकोत, भाषा येत नसली तरी चालतं. घरापासून दूर असलेल्या मुलाला सामावून घेणारा याहून सोपा सण कुठला?

सातासमुद्रापलीकडचा गुरुवार

योगायोग पाहा. २०२४ साली ही जत्रा सोमवारी, २५ नोव्हेंबरला आली आणि त्याच आठवड्यातल्या गुरुवारी, २८ तारखेला अमेरिकेत 'थँक्सगिव्हिंग' साजरा झाला. तोही सुगीचाच सण! १६२१ साली प्लिमथ इथे आलेल्या इंग्रज वसाहतकऱ्यांनी पहिलं पीक हाती आल्यावर तीन दिवस मेजवानी केली. तिथले मूळ रहिवासी, वाम्पानोआग लोक, त्यात सामील झाले होते. त्याची राष्ट्रीय सुट्टी मात्र व्हायला १८६३ साल उजाडलं. अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी ती जाहीर केली. त्यामागे हात होता एका स्त्री-संपादिकेचा. साराह हेल ही महिलांच्या मासिकाची संपादिका या सुट्टीसाठी वर्षानुवर्षं अग्रलेख आणि पत्रं लिहीत राहिली होती. पुढे १९४१ साली नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायद्याने पक्का झाला.

तिकडच्या कॉलेजातल्या मुलांसाठी ही हिवाळ्याआधीची हक्काची सुट्टी. आपल्याकडे दिवाळीत एसटी स्टँडवर दिसते तशी गर्दी त्या बुधवारी तिथल्या विमानतळांवर असते. आणि ज्यांना घरी जाता येत नाही त्यांचं काय? परदेशी विद्यार्थ्यांना गावातली कुटुंबं जेवायला बोलावतात. बरीच मुलं आपापल्या खोल्यांतून एकेक पदार्थ आणून मित्रांचंच पंगतीचं जेवण करतात. त्याला 'फ्रेंड्सगिव्हिंग' असं नावही पडलं आहे. तिकडे शिकायला गेलेली आपली मराठी मुलंही त्यात असतात. टर्कीशेजारी साबुदाण्याची खिचडी मांडली तरी कुणाची हरकत नसते.

खरं तर ती खिचडी तिथे परकी नाहीच! टर्की, मका, भोपळा हे जसे मूळचे अमेरिका खंडातले, तसाच आपला उपवासाचा बटाटा, साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका आणि शेंगदाणा हे तिघेही मूळचे दक्षिण अमेरिकेचे. आपलं एकादशीचं ताट आणि त्यांचं थँक्सगिव्हिंगचं ताट नात्याने चुलत भावंडं निघतात!

अर्थात या सणाला दुसरी बाजूही आहे. मेजवानीत सामील झालेल्या त्या मूळ रहिवाशांच्या जमिनी पुढे हिसकावल्या गेल्या. म्हणून १९७० पासून त्यांचे वंशज त्याच दिवशी प्लिमथला शोकदिन पाळतात. आभार मानताना आपण कुणाला विसरलो, हा प्रश्न त्यांनी जागा ठेवला आहे. तो आपणही स्वतःला विचारायला हवा.

आपण 'थँक यू' म्हणत नाही, पण...

मराठी घरात आईला कुणी 'आभारी आहे' म्हटलं तर ती कपाळाला हात लावून ताप आहे का बघेल! आपले आभार शब्दांत नसतात, कृतीत असतात. पोळ्याला बैलाला पुरणपोळीचा घास. खंडेनवमीला कोयता, शिलाई मशीन, स्कूटर यांना हळदकुंकू. कोकणात नवान्न पौर्णिमेला भाताच्या लोंब्यांचं 'नवं' दारावर बांधायचं आणि मगच नव्या तांदळाचा घास घ्यायचा. कर्नाटकातही हेच. आयुधपूजेला बंगळुरूतल्या रिक्षा केळीच्या खुंटांनी सजतात, चाकाखाली लिंबू ठेवलं जातं. कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या लेथलाही झेंडूचा हार पडतो. दसऱ्याला आपण आपट्याचं पान देऊन 'सोनं घ्या, सोन्यासारखे राहा' म्हणतो. उत्तर कर्नाटकात शमीचं पान देऊन म्हणतात, 'बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण.' बन्नी म्हणजे शमी, बंगार म्हणजे सोनं. शब्द निराळे, सोनं तेच!

घरी असताना हे सगळं मुलांच्या डोळ्यांसमोरून नुसतं निघून जातं. फराळ डब्यात आपोआप भरलेला असतो, अभ्यंगाचं पाणी आपोआप तापलेलं असतं. ते 'आपोआप' म्हणजे कुणाचे तरी दोन हात होते, हे कळायला एक दिवाळी बाहेर काढावी लागते. आणि तसं कळलं की आणखी एक गोष्ट दिसते. हॉस्टेलच्या मेसमध्ये त्या दिवशीही सांबार ढवळणारा आचारी आणि गेटवर बसलेला वॉचमन, तेही कुणाची तरी मुलं आहेत. तेही सणाला घरी गेलेले नाहीत.

आईबाबांनो, एवढं करा

मुलाला घरी येता येत नसेल तर हळहळ फोनवर पुन्हा पुन्हा बोलून दाखवू नका. त्याने त्याचं ओझं वाढतं. फराळाचं पार्सल वसुबारसेच्या आधी पोचेल असं पाठवा. प्रवासात टिकणारे चिवडा, शंकरपाळी, बेसनाचे लाडू घाला. चकल्या मोडू नयेत म्हणून उभ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात रचा. आणि हो, एकट्यापुरतं पाठवू नका. चार मूठ जास्त घाला. त्याच्या खोलीत आसामचा, केरळचा, बिहारचा कुणीतरी असेल. त्यालाही घर लांबच आहे.

आणि मुलांनो, तुम्हीही एवढं करा. डबा उघडलात की पहिला लाडू गेटवरच्या वॉचमनला द्या, दुसरा मेसच्या आचाऱ्याला. भाऊबीजेला कॉलेज असेल तर संध्याकाळी ताईला फोन लावा आणि ओवाळणी तुमच्या पॉकेटमनीतून पाठवा, रक्कम कितीही छोटी असो. परिषेला जाल तेव्हा शेंगांच्या भावात घासाघीस करत बसू नका. त्या ढिगामागे बसलेली बाई पहाटेपासून तिथे आहे आणि ती शेंग तिने किंवा तिच्यासारख्याच कुणीतरी मातीतून उपटून काढली आहे.

बसवण्णाला पहिलं पीक देणाऱ्या शेतकऱ्यांनी तरी दुसरं काय केलं होतं? जे हाती आलं त्यातलं थोडं, स्वतः खाण्याआधी, दुसऱ्यासमोर ठेवलं. तेवढं जमलं की हॉस्टेलच्या खोलीतही सण होतो. मग सुट्टी दोन दिवसांची असो की वीस!