जुन्या ड्रेसरचे आकर्षण आणि पांढऱ्या नक्षीचा प्रश्न

बंगळुरूच्या छावणी भागातील जुने बंगले पाडून त्या जागी सदनिकांच्या इमारती उभ्या राहण्याचा क्रम गेली अनेक दशके सुरू आहे. अशा घरांतून बाहेर पडलेले शिसवी लाकडाचे ड्रेसर, कपाटे, खणांची मेजे आणि पेटारे शहरातील जुन्या फर्निचरच्या दुकानांत येतात आणि हौशी ग्राहक ते आवडीने विकत घेतात. यांपैकी काही वस्तूंवर पांढऱ्या रंगाची नाजूक नक्षी जडवलेली असते. वस्तूचे मोल वाढविणारी हीच नक्षी ग्राहकाला कायद्याच्या कचाट्यातही अडकवू शकते. त्यामुळे ती नक्षी कशाची आहे, हा प्रश्न किमतीच्या आधी विचारणे आवश्यक ठरते.

छावणीचा वारसा

बंगळुरूची लष्करी छावणी इंग्रजांनी १८०९ मध्ये वसवली. तिच्या आसपास लष्करी व मुलकी अधिकाऱ्यांचे, तसेच अँग्लो-इंडियन कुटुंबांचे बंगले उभे राहिले. या घरांच्या शयनगृहांत आरसा व खण असलेले ड्रेसर, उंच कपाट आणि कपड्यांची पेटी असे सामान असे. नमुने विलायती, पण लाकूड आणि कारागीर येथलेच, असा हा संकर होता.

मराठी घरांत साठवणुकीची रीत वेगळी होती. भिंतीतील फडताळ, कोनाडे आणि पितळी पट्ट्यांचे पेटारे यांवर संसार चालत असे. ‘कपाट’ या शब्दाचा संस्कृतातील मूळ अर्थ दाराची फळी असा आहे, तर ‘अलमारी’ हा शब्द पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आला. पोर्तुगीज काळातील गोव्यात सागवानावर काळे आणि पांढरे जडावकाम केलेली अनेक खणांची कपाटे बनत. त्यांचे नमुने आज देशोदेशींच्या संग्रहालयांत आहेत. पुढे १९२३ मध्ये गोदरेजने पोलादी कपाटे बनविण्यास प्रारंभ केला आणि मध्यमवर्गीय घरांतून लाकडी कपाट हळूहळू मागे पडले.

म्हैसूरची जडावाची कला

दक्षिण कर्नाटकातील जडावकामाचे मुख्य केंद्र म्हैसूर हे होय. वडियार राजघराण्याच्या आश्रयाने तेथे शिसवीवर हस्तिदंत जडविण्याची कला बहरली. जुना लाकडी राजवाडा १८९७ मध्ये जळाल्यानंतर हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार नवा राजवाडा बांधण्यात आला आणि १९१२ मध्ये तो पूर्ण झाला. तेथील अंबाविलास दालनाचा हस्तिदंत जडविलेला शिसवी दरवाजा या कलेचा उत्तम नमुना मानला जातो.

या कामाची पद्धत सांगण्यास सोपी, पण करण्यास कठीण आहे. प्रथम कागदावरील आकृती लाकडावर उतरविली जाते. नक्षीचे तुकडे बारीक पात्याच्या करवतीने कापले जातात. त्यांच्या नेमक्या आकाराचे खाचे पटाशीने फळीत कोरून तुकडे सरसाने बसविले जातात. मग पृष्ठभाग घासून एकसारखा केला जातो, पाने, डोळे, पिसे यांच्या बारीक रेषा कोरून त्यांत काळा रंग भरला जातो आणि शेवटी पॉलिश चढते. खाचा केसभर जरी सैल झाला, तरी चूक कायम दिसत राहते.

आकर्षण कशात आहे?

आज बाजारात मिळणारे बरेचसे फर्निचर लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळ्यांपासून बनते. पाणी लागल्यास ते फुगते आणि एकदा निघालेला स्क्रू त्यात पुन्हा घट्ट बसत नाही. जुना ड्रेसर भरीव लाकडाचा असतो. त्याच्या खणांचे कोपरे पंख्याच्या आकाराचे दात एकमेकांत अडकवून जोडलेले असतात. सांधा सैल झाला, तर तो उकलून पुन्हा जुळविता येतो. चपडी लाखेचे पॉलिश पुन्हा चढविता येते. दुरुस्त होण्याची ही क्षमता हेच जुन्या वस्तूचे खरे सामर्थ्य आहे. शिवाय शिसवीचे झाड वाढण्यास दीर्घकाळ लागतो आणि २०१७ च्या प्रारंभापासून शिसवीच्या संपूर्ण कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रित आहे. अशा स्थितीत आधीच घडलेली वस्तू जपून वापरणे शहाणपणाचे ठरते.

‘जुना आहे’ हे उत्तर पुरेसे नाही

हस्तिदंताच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली. १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेले आफ्रिकी हस्तिदंतही तिच्या कक्षेत आले. व्यापाऱ्यांनी या बंदीला न्यायालयात आव्हान दिले; परंतु सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ती वैध ठरविली.

ब्रिटनच्या कायद्यात मार्च १९४७ पूर्वीच्या आणि १० टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेल्या वस्तूंना नोंदणी करून विक्रीची सवलत आहे. भारतात वयाच्या आधारे अशी सवलत नाही. त्यामुळे ‘शंभर वर्षांचा ड्रेसर आहे, काळजी नको’ हे विक्रेत्याचे आश्वासन ग्राहकाचे रक्षण करीत नाही.

घरात पिढीजात आलेल्या वस्तूचा प्रश्न वेगळा आहे. मालकीचे प्रमाणपत्र असलेली अशी वस्तू वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे जाऊ शकते. मात्र वारसाने ९० दिवसांच्या आत राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तशी घोषणा करणे आवश्यक असते. प्रमाणपत्रधारकाला वस्तू स्वेच्छेने शासनाकडे जमा करण्याची तरतूदही २०२२ च्या दुरुस्तीने झाली आहे.

परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. शंभर वर्षांहून जुनी कलात्मक वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही.

पारख कशी करावी?

जुन्या फर्निचरवरील पांढरी नक्षी हस्तिदंताची, हाडाची किंवा प्लॅस्टिकची असू शकते. हाडावर भिंगातून पाहिल्यास बारीक काळपट ठिपके वा रेघा दिसतात. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी असते. परंतु जडावाच्या पातळ तुकड्यावर ती दिसेलच असे नाही. प्लॅस्टिकचा रंग सर्वत्र एकसारखा असतो. तापलेली सुई टोचून पाहण्याची प्रचलित युक्ती टाळावी, कारण तिने नक्षीचीच हानी होते. शंका उरल्यास जाणकाराचे मत घ्यावे, बिलावर सामग्रीचा स्पष्ट उल्लेख मागावा आणि विक्रेता तो देण्यास तयार नसल्यास व्यवहार सोडून द्यावा.

निगा राखताना

हवेतील ओलाव्यानुसार लाकूड फुगते आणि आकसते. जडवलेला तुकडा त्याच प्रमाणात हलत नाही. त्यामुळे बंगळुरूच्या तुलनेने कोरड्या हवेतून मुंबईच्या दमट हवेत नेलेल्या ड्रेसरची नक्षी सुटू शकते. वस्तू उन्हात किंवा वातानुकूलन यंत्राच्या झोतासमोर ठेवू नये. ओल्या फडक्याऐवजी कोरडे मऊ कापड वापरावे. पॉलिश पेपरने घासू नये. जडावाचा थर पातळ असतो व तो झिजतो. सुटलेला तुकडा फेकून न देता जपून ठेवावा, कुशल कारागीर तो पुन्हा बसवू शकतो.

हस्तिदंतावर बंदी आली, तरी म्हैसूरची कला संपली नाही. तेथील कारागिरांनी पांढऱ्या नक्षीसाठी प्लॅस्टिक आणि रंगसंगतीसाठी फणसाच्या पिवळ्या लाकडासारख्या निरनिराळ्या छटांच्या लाकडांचा वापर सुरू केला. म्हैसूरच्या शिसवी जडावकामाला आता भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण लाभले असून, कर्नाटक शासनाच्या ‘कावेरी’ विक्री केंद्रांतही या वस्तू मिळतात. ज्यांना जुन्या नक्षीचे सौंदर्य हवे आहे पण तिच्यामागील संशय नको, त्यांच्यासाठी हा मार्ग खुला आहे. तो निवडल्यास करवत आणि पटाशी चालविणाऱ्या आजच्या हातांनाही काम मिळते.